हे तुला कसे कळले?



कीर्तन थांबवून मला सहा वर्षे झाली. आधी आवाज गेला, मग फार वेळ उभे राहणे गेले. आता टाळ खुंटीला आहेत आणि मी ओसरीवरच्या बाजेवर. कीर्तनाला उभा राहत होतो तेव्हा श्रोत्यांच्या वतीने शंका मीच काढायचो आणि समाधानही मीच करायचो. ज्या शंकेचे उत्तर आपल्यापाशी नाही ती काढायचीच नाही, एवढी सोय त्यात असते. ही सोय आम्हा कीर्तनकारांना इतकी अंगवळणी पडते, की आपल्याला सगळ्या शंकांची उत्तरे येतात असे आपल्यालाच वाटू लागते. गेल्या फाल्गुनात माझ्या नातीने ती सोय मोडली. त्याविषयी आज लिहितो आहे.

नात पुण्याला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय मराठी. सुट्टीला आली ती एक जाडजूड फाइल घेऊन. त्यांच्या मॅडमनी काम दिले होते: तीन वर्षांत लिहिलेल्यांतला पहिल्या वर्षाचा एक लेख आणि शेवटच्या वर्षाचा एक लेख शेजारी ठेवायचे आणि लेखक म्हणून आपली काय वाढ झाली ते सांगायचे. त्याला वीस मार्क.

मी म्हणालो, "बाळ, वाढ झाडाची होते, वासराची होते. ती दुसऱ्याने बघायची असते. आपली वाढ आपणच मोजायची, म्हणजे अहंकाराला वीस मार्क देण्यासारखेच की."

ती म्हणाली, "मग आजोबा, तुकोबांनी कशी मोजली?"

मी गप्प बसलो. आपल्यांतल्या बहुतेकांना तो अभंग पाठ असेल. संतांनी विचारले म्हणून तुकोबांनी आपली हकीकत त्यात सांगितली आहे. हे सांगू नये, असे आधी म्हणून मग सांगितली आहे. मी त्या अभंगावर किती कीर्तने केली याची गणती नाही. जात आणि व्यवसाय, आईबापांचे जाणे, दुष्काळ, अन्नावाचून बायकोचे मरण, व्यापारात आलेली खोट, लोकांत वाटलेली लाज, मोडके देऊळ, हे सगळे निरूपण करून झाले होते. कवित्वाची स्फूर्ती त्यात फार पुढे येते, हेही मी सांगत असे. पण एक माणूस आपण लिहिते कसे झालो हे त्यात सांगतो आहे, या बाजूने मी तो अभंग कधी पाहिलाच नव्हता. पोरीने ते बोट ठेवून दाखवले.

आता त्या बाजूने पाहा. छंद कसा साधला, यमक कसे जुळले, याविषयी तुकोबा अक्षर बोलत नाहीत. सांगतात काय? आरंभी अभ्यासात मन नव्हते. मग संतांची काही वचने श्रद्धेने पाठ केली. पुढे गाणारे गात, त्यांच्या मागे राहून ध्रुपद धरले. म्हणजे सुरुवात दुसऱ्याच्या शब्दांनी झाली आणि तीही मागच्या रांगेत उभे राहून. यानंतर आणखी एक गोष्ट येते, आणि तिच्यावरून मी घाईने पुढे जात असे. खरेखोटे पारखताना चार लोक काय म्हणतात ते मानले नाही, आपल्या मनालाच साक्षीला उभे केले, असे तुकोबा म्हणतात. कवित्व त्याच्याही नंतर. मनाची साक्ष मधे नसती, तर पाठ केलेली वचने आणि धरलेले ध्रुपद एवढ्यावरच सारे राहिले असते. आमच्यातले पुष्कळ जण तेवढ्यावरच राहतात, आणि त्यांना मानधन उत्तम मिळते. असो.

नातीने पहिल्या वर्षाचा लेख पुढे ठेवला. विषय दुष्काळ. वाचताना मला भरून आले, कारण तो मीच बोलल्यासारखा होता. तीच वळणे, तेच 'धरणीमाय कोरडी पडली', ठिकठिकाणी प्रमाणाला ओव्या. त्यात एक वाक्य होते: 'भुकेला माणूस रडत नाही, तो भांडतो, रडायलाही पोटात काहीतरी लागते.' मॅडमनी बाकीच्या लेखाला 'भाषा चांगली' असा शेरा दिला होता. या वाक्याखाली मात्र तांबड्या शाईची रेघ होती आणि समासात एवढेच लिहिले होते: हे तुला कसे कळले?

नात म्हणाली, "दोन दिवस मला रागच आला होता. मग लक्षात आले, मला कळलेलेच नाही. तुमच्या कीर्तनात ऐकले होते." आणि अगदी सहज पुढे म्हणाली, "आजोबा, तुम्हाला कसे कळले?"

वाचकहो, हे वाक्य माझे नव्हे.

१९८३-८४चा सुमार असेल. पाथर्डीच्या बाजूला एका सप्ताहात माझी सेवा होती. वय तिशीचे, गळा चालत होता, नाव होऊ लागले होते. तुकोबांच्या काळातला, १६३०च्या सुमाराचा दुष्काळ मी वर्णिला, माणसे रडली, मृदंगवाल्याने नंतर पाठ थोपटली. मंडळी पाया पडून गेली तशी शेवटी एक म्हातारी आली. पाया पडली नाही. म्हणाली, "महाराज, बहात्तरच्या दुष्काळात तुमी कुठं व्हता?" मी म्हणालो, "आळंदीला शिकत होतो." ती म्हणाली, "मी खडी फोडीत व्हते. तुमी सांगता तसं नसतं ते. भुकेलं मानूस रडत न्हाई महाराज, भांडतं. रडायला बी पोटात कायतरी लागतं."

खरे होते. १९७२ साली मी वीस वर्षांचा होतो आणि आळंदीत माधुकरी मागून शिकत होतो. माझ्या गावची माणसे दुष्काळी कामावर खडी फोडत होती, मिलो ज्वारीच्या भाकरी आणि सुकडी खात होती. त्या वर्षी माझ्या झोळीत कमी पडले असेल, पण उपाशी झोपल्याचे मला आठवत नाही. दुष्काळ मी गाथेत वाचला होता.

दुसऱ्याच दिवशी, पुढच्या गावी, मी ते वाक्य कीर्तनात घातले. कसे घातले तेही सांगतो. 'एका माउलीने मला सांगितले' असे म्हणालो असतो तर काही बिघडले नसते. पण तसे म्हणालो असतो तर तिने आधी मला काय विचारले तेही जिभेवर आले असते. म्हणून मी म्हणालो, 'मी पाहिले आहे.' त्या दिवशी जी शांतता पसरली तशी माझ्या स्वतःच्या कुठल्याच वाक्याला कधी पसरली नव्हती. मग ते वाक्य मी पस्तीस वर्षे वापरले. दोघातिघा तरुण कीर्तनकारांनी ते माझ्याकडून उचलले, तेव्हा घरी येऊन मी त्यांच्या चोरटेपणावर बोललो, हेही सूनबाईंना आठवते आहे.

आता कोणी म्हणेल, बुवा, एवढे मनाला काय लावून घेता? आपला सगळा संप्रदायच दुसऱ्याच्या शब्दांवर उभा आहे. अभंग संतांचा, प्रमाणे संतांची, चाल फडाची, दृष्टांत गुरूंनी दिलेले. कीर्तनकाराचे त्यात असते काय? आणि शब्द ज्याचा त्याचा ठेवावा, हा कॉलेजातला विचार. भक्तीत माझे-तुझे कशाला?

हा पूर्वपक्ष सोपा नाही. मीही बरीच वर्षे त्याच्या आडोशाला बसलो होतो. पण आपल्याच परंपरेला विचारून पाहा. अभंगाच्या शेवटच्या चरणात नाव का येते? नामा, जनी, चोखा, तुका ही नावे कीर्तीसाठी घातलेली नाहीत. हे कोण बोलले, कोणाच्या जिवावर बोलले, त्याची ती निशाणी आहे. कीर्तनकार प्रमाण देतो तेव्हा ती निशाणी सोबत येते, म्हणून ते उसने असूनही चोरी ठरत नाही. ज्ञानोबा माउलींनी ग्रंथाच्या शेवटी आपण कोणाच्या पावलांमागे चाललो आणि कोणाला वाट विचारली ते मोकळेपणी सांगितले, लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचेही नाव नोंदले. नाथमहाराजांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये म्हणून कडक शब्दांत बजावून ठेवले. एवढ्या मोठ्या कवीला एखादी ओवी घालता आली नसती का? दुसऱ्याच्या नावावर आपले खपवणे आणि आपल्या नावावर दुसऱ्याचे खपवणे, दोन्हीकडे निशाणीच पुसली जाते. त्या म्हातारीच्या वाक्याला निशाणी होती. बहात्तर सालची खडी, ती तिची नाममुद्रा. मी ती पुसली आणि तिथे 'मी' लिहिले.

इथवर चोरीची गोष्ट झाली. मॅडमच्या प्रश्नात आणखी खोल काही आहे.

आळंदीला आम्हाला पंचदशी शिकवीत. विद्यारण्यांच्या त्या ग्रंथात तृप्तिदीप नावाचे सातवे प्रकरण आहे आणि त्यात दहाव्या माणसाचा दृष्टांत आहे. दहा जण नदी उतरून पलीकडे जातात. सगळे आले का म्हणून मोजतात, तर नऊच भरतात. जो मोजतो तो इतर नवांना मोजतो आणि स्वतःला विसरतो. दहावा बुडाला म्हणून रडारड सुरू होते. वाटेने जाणारा एक शहाणा सांगतो, दहावा जिवंत आहे. तेव्हा त्यांना कळते, पण ते ऐकीव कळणे, परोक्ष. मग तो मोजणाऱ्यालाच म्हणतो, दहावा तूच आहेस. तेव्हा जे कळते ते अपरोक्ष, त्याला साक्षीदार लागत नाही.

हा दृष्टांत ब्रह्मज्ञानासाठी आहे, निबंधासाठी नाही, हे मला ठाऊक आहे. शास्त्री मंडळी रागावतील. पण नातीचा पहिला लेख आणि माझी पस्तीस वर्षांची कीर्तने समोर ठेवली तेव्हा मला हाच आठवला. तिने लेखात नऊ जण बरोबर मोजले होते: तुकोबा आले, गाथा आली, आजोबा आले, वर्तमानपत्र आले. जी मोजत होती ती मोजायची राहिली. मॅडमनी समासात जे लिहिले ते त्या वाटसरूचे बोलणे होते.

आणि इथे आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. दहाव्याला स्वतःचा पत्ता लागला तो दुसऱ्याच्या शब्दाने. नुसत्या शब्दाने अपरोक्ष ज्ञान होते की त्यामागून मननाचा, निदिध्यासनाचा अभ्यास लागतो, यावर विवरणकार आणि भामतीकार यांच्या अनुयायांत मोठा वाद आहे; त्यात मी शिरत नाही. पण शब्दावाचून तो दहावा नदीकाठी रडतच बसला असता, एवढे दोन्ही पक्षांना मान्य आहे. म्हणून 'दुसऱ्याचे शब्द टाकून दे, आपले बोल' एवढेच कोणी मुलांना शिकवत असेल तर ते अर्धे शिकवणे आहे. गाथा पाठ नसती तर माझी नात दुष्काळावर मुळात लिहायलाच बसली नसती. ध्रुपद धरावेच लागते. फक्त ते धरता धरता कधीतरी कोणी खांद्यावर हात ठेवून विचारावे लागते, की अरे, हे तुला कसे कळले?

मला त्या म्हातारीने विचारले होते. फरक एवढाच, की नातीने दोन दिवस राग धरला आणि मग मान्य केले. मी प्रश्न तेवढा मागे ठेवला आणि वाक्य उचलून नेले.

शेवटच्या वर्षाचा लेखही दुष्काळावरच होता. तो तिने मला लगेच दिला नाही. म्हणाली, "वाचा, पण मग बोला माझ्याशी."

त्यात २०१६चा उन्हाळा होता. त्या वर्षी एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, ते तुम्हाला आठवत असेल. तिने रेल्वेविषयी एक ओळ लिहिली होती आणि बाकी सगळे आमच्या अंगणाविषयी. ती तेव्हा दहा-अकरा वर्षांची. तिची आई मुलांना बाजेवर बसवून अंघोळ घाली आणि बाजेखाली घमेले ठेवी. घमेल्यात साचलेल्या पाण्यात कपडे निघत, कपड्यांचे पाणी दारच्या लिंबोणीला जाई. टँकर आला की आई सगळ्यांत आधी कुठला हंडा भरी, कोणाशी भांडे, तिच्या दंडाला पाइपाचा वळ कसा उठला, हे सगळे. एकही ओवी नाही. 'धरणीमाय' कुठे नाही. आणि मग हे:

'आजोबा सप्ताहावरून आले की त्यांच्यासाठी एक भरलेली बादली ठेवलेली असे. ती कुठून येते हे त्यांनी कधी विचारले नाही.'

मी फाइल मिटली. त्या दिवशी बोललो नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. ज्या उन्हाळ्यात मी गावोगाव दुष्काळ वर्णीत होतो त्या उन्हाळ्यातली ती बादली. तांब्याने डोक्यावर ओतून घेतलेले पाणी मोरीतून वाहून गेलेले मला आठवते. मोरीच्या तोंडाशी मात्र काही ठेवलेले नव्हते. माझ्या अंघोळीच्या पाण्याला घमेले लावायचे धाडस घरात कोणाला झाले नसणार.

तिसऱ्या दिवशी ती आली. "आजोबा, काढू का ते वाक्य?"

इथे खरा धर्मसंकटाचा प्रश्न आहे, तो टाळू नये. वडीलधाऱ्याची उणीव चारचौघांत मांडावी का? ती मॅडम मला ओळखत नाही. पण उद्या हा लेख कुठे छापून आला तर गाव ओळखील. आपण मुलांना वडिलांचा मान राखायला शिकवतो ते खोटे नाही. मी विचार केला आणि मला एक युक्ती सुचली. आम्हा लोकांना युक्त्या सुचतात. म्हणालो, "काढू नको. फक्त 'कधीकधी' घाल. कधीकधी एक भरलेली बादली ठेवलेली असे."

तिने निमूटपणे पेन्सिलीने ते वर लिहिले आणि मोठ्याने वाचून दाखवले. पन्नास वर्षे मी शब्दांवर पोट भरले आहे. कुठला शब्द पडला की सभा हातातून जाते ते मला कळते. तो 'कधीकधी' पडला आणि बादलीतले पाणी आटले. तेवढ्या एका शब्दाने आईचा वळसुद्धा खोटा वाटू लागला. मीच रबर मागून घेतले.

चुलीपाशी सूनबाई ऐकत होत्या. त्या एरवी अशा बोलण्यात पडत नाहीत. म्हणाल्या, "आणि मामा, एक बादली नव्हती. दोन असायच्या. एक तुमच्या सोवळ्या-धोतराला."

नातीने 'एक' खोडून 'दोन' केले.

लेखाबरोबर 'माझी वाढ' म्हणून जे लिहायचे होते ते तिने दीड पानात लिहिले. त्यात ती म्हणते, की पहिल्या वर्षी मला पुष्कळ काही माहीत होते आणि आता फार थोडे माहीत आहे, पण जेवढे आहे तेवढ्याबद्दल कोणी विचारले तर मी सांगू शकते. किती मार्क पडले ते अजून कळलेले नाही. तिला विचारायचे नाही असे मी ठरवले आहे, आणि रोज विचारतो.

मी आता एक काम काढले आहे. माझ्या टाचणांच्या अकरा वह्या आहेत, १९७४पासूनच्या. अभंगाखाली प्रमाणे, प्रमाणांखाली दृष्टांत, अशी मांडणी. सकाळी हरिपाठ झाला की एक वही घेतो आणि प्रत्येक दृष्टांताशेजारी, समासात, तो कोणाकडून ऐकला ते लिहितो. तांबड्या शाईने, म्हणजे चटकन दिसते. कित्येक गुरुबंधूंचे आहेत, दोन एका मृदंगवाल्याचे, एक एस.टी.च्या कंडक्टरचा, चार-पाच आमच्या सौभाग्यवतींचे, ज्या हयात असताना मी तसे कधी म्हणालो नाही. माझे स्वतःचे म्हणावे असे आतापर्यंतच्या सहा वह्यांत नऊ निघाले. दहावा सापडतो का पाहतो आहे.

चौथ्या वहीत ते वाक्य आहे. त्याच्यापुढे लिहिले: पाथर्डीकडचा सप्ताह, रात्रीचे कीर्तन, खडी फोडणारी बाई. नावासाठी जागा सोडली आहे. नाव मी विचारले नव्हते.